तेल्याचा डबा

न्यू पनवेल,
३ जानेवारी

यायर,

फोन करू नकोस असं तू मला बजावलं होतंस. पत्र लिहू नकोस असं म्हणाला नव्हतास. मी जन्मभर टपाल खात्यात काउंटरवर बसले, तेव्हा नियमातली फट मला दिसणारच. पत्ता जुनाच घातला आहे, अश्दोदचा. घर बदललं असशील तर तिथला पोस्टमन तुला शोधून काढेल. पोस्टमन या जातीवर माझा अजून विश्वास आहे.

भांडायला लिहीत नाही. काम साधं आहे. बेंजामिनदादाने आगगाडीचं टेबल पुन्हा मांडलंय. तेच, तुम्ही दोघा भावांनी मिळून केलेलं. प्लायवूडच्या फळ्या, त्यावर रूळ, लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलेलं गवत, चहाचा चोथा वाळवून केलेली माती आणि मधोमध पुठ्ठ्याचं पनवेल स्टेशन. तू देश सोडलास तेव्हापासून ते पलंगाखाली पडून होतं. आता ते बेडरूममध्ये आहे आणि मी हॉलमध्ये झोपते. कुणी विचारलं तर सांगते की हॉलचा पंखा जास्त चांगला आहे.

दादाला त्या रुळांवर मालगाडी हवी आहे. हल्लीची नव्हे. हल्ली सगळे डबे एका साच्यातले असतात, कळंबोलीकडून कंटेनरची अशी माळ निघते की बघणाऱ्याला झोप यावी. त्याला मिश्र मालगाडी हवी, तुमच्या लहानपणची. शाळा सुटली की तुम्ही दोघं स्टेशनमागच्या भिंतीवर जाऊन बसायचात आणि जी बघायचात, ती. मी त्या भिंतीवर कधी बसले नाही. मला घरी तांदूळ निवडायला बसवायचे, हे तू सोयीस्करपणे विसरला असशील. त्यामुळे त्या गाडीत कोणते डबे असायचे, काय क्रमाने असायचे, याचं मला काडीचं ज्ञान नाही. आणि दादाला नीट सांगता येत नाही. म्हणजे आठवतं त्याला सगळं, पण आज एक सांगतो, उद्या दुसरं. वय झालं. बाकी ठीक आहे.

मदतीला रोडपालीची हेतल म्हणून एक मुलगी मिळाली आहे. मुलगी कसली, चांगली चार्टर्ड अकाउंटंट आहे, पण रविवारी आगगाड्यांचे डबे बनवते. तिच्याकडे प्लास्टिकचे डबे छापायचं मशीन आहे. पहिल्याच दिवशी टेबलाभोवती एक फेरी मारून म्हणाली, ‘‘आंटी, आधी साल सांगा. साल ठरलं की डबे आपोआप ठरतात.’’ मी दादाला विचारलं, कोणतं साल? तो म्हणाला, ‘‘यायर चौथीत आहे ते.’’

म्हणून तुला लिहिते. तू चौथीत असताना मालगाडीला काय काय असायचं ते कळव. आणि एक ‘तेल्याचा डबा’ असायचा म्हणे, त्याच्याशिवाय गाडी पुरी होत नाही असं दादाचं म्हणणं आहे. ती टाकी कोणत्या रंगाची होती, पुढे लावायची की मागे, तेवढं लिही. चार ओळी पुरे. माझ्याशी बोललास असा त्याचा अर्थ मी काढणार नाही.

रेबेकाताई


न्यू पनवेल,
७ फेब्रुवारी

यायर,

तुझं उत्तर आलेलं नाही. पत्र पोचलं नाही असं मी मानून चालते. आमच्या खात्याची एवढी बदनामी मी प्रथमच करते आहे.

आमची गाडी मात्र बरीच पुढे गेली. मला वाटलं होतं, मिश्र म्हणजे काय, प्रत्येक प्रकारचा एकेक डबा आणायचा आणि एकामागे एक जोडायचा. तसं मी हेतलला म्हटलंही. तिने कपाळाला हात लावला. ‘‘आंटी, दहा डब्यांत दहा जाती घातल्या तर ती मालगाडी नाही होत, एक्झिबिशन होतं!’’ तिचं म्हणणं, खऱ्या मिश्र गाडीत एकाच जातीचे डबे निम्म्याहून जास्त असतात. ते बंद डबे, चारचाकी, विटेच्या रंगाचे. मग दोन-तीन उघडे, कोळशाचे नाहीतर विटा-लाकडाचे. एखादी टाकी. आणि सगळ्यात मागे गार्डाचा डबा, त्याच्या त्या सज्ज्यासकट. आपल्याकडच्या लग्नासारखंच की. निम्म्याहून जास्त नुसते चुलते-मामे, आणि लक्षात राहतो तो एकटा फेटेवाला.

आणखी एक गोष्ट तिने शिकवली. सगळे डबे सारखे मळवायचे नाहीत. एखादा कालच कारखान्यातून रंगवून आलेला दिसला पाहिजे, एखाद्याच्या पत्र्यावर गंज उतरलेला पाहिजे, एखाद्याच्या दाराशी मिठाचे पांढरे ओघळ हवेत. प्रत्येक डबा वेगळ्या गावाहून आलेला असतो, तो आपापलं ऊन-पाणी अंगावर घेऊन येतो. मी आता दुपारी चष्मा लावून, पातळ केलेला रंग जुन्या टूथब्रशने डब्यांवर उडवत बसते. हसू नकोस. मला ते फार आवडायला लागलंय. मिठाचे ओघळ माझ्याइतके चांगले हेतललाही जमत नाहीत.

दुपारी घरात अगदी सामसूम असते. दादा खुर्ची टेबलाला टेकवून बसतो, हनुवटी फळीवर ठेवतो आणि डोळे रुळांच्या पातळीला आणून बघत राहतो. परवा मीही त्याच्या शेजारी तशीच बसून पाहिलं. काय सांगू तुला! पुठ्ठ्याचं स्टेशन एकदम खरं मोठं झालं. चहाच्या चोथ्यातली ती पायवाट पार टेकडीमागे गेलेली दिसली. तेवढ्यात खऱ्या स्टेशनाकडून मालगाडीचा भोंगा आला, लांब, पाण्यातून आल्यासारखा. दादा न हलता म्हणाला, ‘‘आपट्याहून सुटली.’’ मला वाटलं, आता त्या टेकडीमागून गाडी येणार. आपण तिघं भिंतीवर बसलो आहोत, मीसुद्धा, आणि खाली आपल्या सावल्या रुळांवर पडल्या आहेत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. गोदूबाईने चहा आणून ठेवला होता, तो गार झाला.

गोदूबाई म्हणजे सुकापूरची बाई, दिवसभर आमच्याकडे असते. दादाला सोबत म्हणून. मलाही आता सगळं होत नाही. दाराला वरच्या बाजूला एक कडी लावून घेतली आहे, ती तिलाच पोचते, म्हणून तिची उंची बघून ठेवलं असं मी तिला चिडवते.

अडलंय ते फक्त तेल्याच्या डब्यापाशी. हेतलने रॉकेलची टाकी करून आणली, काळी. दादाने हातात घेतली, कौतुक केलं आणि तिला परत दिली. ‘‘छान आहे. पण हा तेल्याचा नाही.’’ मग खाद्यतेलाची आणली. मग मळीची आणली. मग चंदेरी. प्रत्येक वेळी तेच, अगदी नम्रपणे, दुकानात साडी परत करावी तसं. मी म्हटलं, दादा, अरे तेल्याचा म्हणजे तेलाचाच ना? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरातली नव्हेच.

संध्याकाळ झाली की तो अस्वस्थ होतो. सगळ्या पेट्या उघडतो, टेबलाखाली बघतो. ‘‘तेल्याचा डबा कुठे गेला? यायरने ठेवला असेल. यायरला विचार.’’ म्हणून पुन्हा विचारते आहे. चार ओळी, यायर. चार नको, दोन.

रेबेकाताई

ता. क. शनिवारी, शब्बाथला, गाडी चालवत नाही. दादाच्या ते मात्र बरोबर लक्षात असतं. शुक्रवारी दिवा लागला की स्वतः उठून बटण बंद करतो.


न्यू पनवेल,
२ मार्च

यायर,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मागच्या दोन्ही पत्रांत मी ते लपवलं. आता पुढे करते.

दादा विसरतो, म्हणजे वयामुळे विसरतो ते नव्हे. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, त्याला एक लांबलचक नाव दिलं. बरं होणारं दुखणं नाही. ते म्हणाले, अलीकडचं आधी पुसत जाईल, जुनं शेवटपर्यंत राहील, आणि माणसांचे चेहरे मध्येच कधीतरी जातील, ते कधी हे सांगता येणार नाही. मला तो सकाळी ताई म्हणतो. मी त्याची धाकटी बहीण, पण तू म्हणतोस म्हणून तोही म्हणतो. दुपारी कधीकधी आई म्हणतो. मी ओ देते.

गेल्या गुरुवारी तो घरातून गेला. गोदूबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, कडी लावायची राहिली. मी बँकेत होते. तिने त्याला गाठलं तेव्हा तो स्टेशनच्या पलीकडे, मालाच्या बाजूला होता. कंटेनरची गाडी उभी होती. तिच्या कडेकडेने चालला होता, रुळांमधल्या खडीवरून, पायात घरातल्या सपाता. गोदूबाई घरी येऊन माझ्यासमोर बसली आणि रडायलाच लागली. ‘‘ताई, दादा पत्येक डब्याला हात लावत व्हते. हा नाय, हा नाय, करत. मी बोलली, घरी चला. तं मला बोलतात, गोदूबाई, तुजी नजर चांगली हाय, आमचा डबा कंचा ते बघ जरा.’’ एक रेल्वे पोलीसही पाठोपाठ आला. भला होता. दादाला ‘बाबा, उद्या शोधू’ म्हणाला आणि रिक्षापर्यंत सोडायला आला.

गाडी सुटायची वेळ झाली असती तर काय झालं असतं, हा विचार मी रोज करते. मला भीती वाटते, यायर. एवढी मला कशाचीच वाटली नव्हती.

आता आईचं बोलते, कारण त्याच्यावाचून आपलं कुठलंच बोलणं पुढे सरकत नाही. आई गेली तेव्हा दादाने तुझी वाट पाहिली नाही. आपल्यात मयत ठेवत नाहीत, हे तुलाही माहीत होतं आणि विमान कधी मिळेल ते तुलाच माहीत नव्हतं. तू तिसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात उभा राहिलास. ‘‘एक रात्र थांबला असतास,’’ तू म्हणालास. दादा म्हणाला, ‘‘माती थांबत नाही.’’ झालं. आपल्यातल्या सुतकाचे सात दिवस पुरे न करता तू परत गेलास. तो बरोबर होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आणि तू चूक होतास असं आजही म्हणत नाही. तुम्ही दोघं इतके एकसारखे आहात की एकाची बाजू घेतली तर दुसऱ्याचीही घेतल्यासारखं होतं.

पण एक तुला सांगायला हवं. ते भांडण दादाच्या डोक्यातून पुसून गेलंय. त्याला आठवतो तो चौथीतला यायर, अर्ध्या चड्डीतला, भिंतीवर पाय हलवत बसणारा. आता भांडण एकट्या तुझ्याकडेच उरलं आहे. एकट्याने ते सांभाळायला फार जड जात असेल.

काल दुपारी मला टेबलापाशीच डुलकी लागली. स्वप्नात मी आपल्या त्या मालगाडीच्या टपावरून चालत होते, एका डब्यावरून दुसऱ्यावर, साडी न सावरता. खाली चहाच्या चोथ्याची शेतं आणि कापसाचे ढग. प्रत्येक डब्यात कुणीतरी बोलत होतं. एकात बाबा दवाखान्यातल्या बाटल्या धूत होते, एकात आई दळण पाखडत होती. शेवटच्या डब्याला दारच नव्हतं. मी पत्र्यावर ठोकत राहिले. जागी झाले तर दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, ‘‘उतर आता. गाडी इथे जास्त थांबत नाही.’’ मी काय बोलले होते झोपेत, कोण जाणे.

तुला जमत असेल तर ये. तो नावाने हाक मारतोय तोवर ये. येणं जमत नसेल तर निदान तो डबा कोणता ते सांग, म्हणजे तो रुळांवर शोधायला जाणार नाही. मी यापेक्षा स्पष्ट लिहू शकत नाही.

रेबेकाताई


न्यू पनवेल,
२९ मार्च

यायर,

तुझं पत्र आलं. खरंच चार ओळी! मी चार म्हटलं म्हणून चारच लिहिणारा माणूस जगात तू एकटा. तिकीट तिरकं लावलंस, पण ते जाऊ दे.

‘तेल्याचा डबा म्हणजे टाकी नव्हे. कुठलाही डबा चालेल. तो गाडीला जोडायचा नाही. सायडिंगला एकटा उभा करायचा.’

मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग गोदूबाईला वाचून दाखवलं. आणि मग मला कळलं. शनवार तेली! अरे, मी कशी विसरले? आख्खी आळी आपल्याला शनवार तेलीच म्हणायची. आपण ज्यू, बापजाद्यांचे तेलाचे घाणे, शब्बाथ म्हणून शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून शनवार तेली. बाबा तर दवाखान्यात कंपाउंडर, घरात तेल पाव शेर वाण्याकडून यायचं, पण नाव तेलीच. शुक्रवारी संध्याकाळी गाडीतून एखादा डबा तोडून बाजूच्या रुळावर उभा करायचे, तो शनिवारभर तिथेच बसून राहायचा, आणि बाकीची पोरं तुम्हाला चिडवायची, तो बघा तेल्याचा डबा, शनवार पाळतोय! हे सगळं तुझ्या चार ओळींत नव्हतं. पण मला ते आठवलं, की मी ते आता जुळवलं, ते समजत नाही. मी तर भिंतीवर नव्हतेच. घरी येऊन तू आईला सांगत असशील आणि मी तांदूळ निवडताना ऐकत असेन.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही सात गावच्या टाक्या गोळा करत होतो आणि डबा समोर होता.

हेतल आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही. दादासमोर गाडीतला एक बंद डबा काढला, माझा मिठाचे ओघळ असलेला. तो स्टेशनच्या मागच्या आखूड रुळावर नेऊन ठेवला, एकटा. आणि मागे सरकले.

दादाने हनुवटी फळीवर ठेवली. बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर जे आलं ना यायर, ते मी लहानपणीही पाहिलं नव्हतं, कारण मला कुणी भिंतीवर नेलंच नव्हतं. म्हणाला, ‘‘हां. हा बघ. बसलाय पठ्ठ्या.’’ हेतल म्हणाली, ‘‘अंकल, पण हा तर ट्रेनमध्येच नाहीये!’’ दादा तिला म्हणाला, ‘‘मग? सगळेच गेले तर इथे कोण राहणार?’’ तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. तुझा मला फार राग आला आणि तुझी फार आठवण आली, दोन्ही एकदमच.

त्या दिवसापासून पेट्या उघडणं थांबलं. संध्याकाळी शांत असतो, वरणभात खातो. दाराकडे जात नाही.

आता फक्त एक राहिलं. गाडी तयार आहे, इंजिन जोडलंय, हेतलने वायरी तपासल्या. मी म्हटलं, दादा, सोड ना गाडी. तर बटणावर हात ठेवून बसला आणि म्हणाला, ‘‘यायर आला की सोडू.’’ दुसऱ्या दिवशीही तेच. रोज तेच. हेतलने एकदा गंमत म्हणून बटण दाबायला हात पुढे केला, तर त्याने तो हळूच बाजूला केला. ‘‘थांबायचं. पोरगं येतंय.’’

मला याच्यापुढे काही विनवण्या करायला लावू नकोस. दारावर तुझ्यासाठी वेगळी कडी नाही.

रेबेकाताई


न्यू पनवेल,
१८ मे

यायर,

विमान नीट पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. आता फोन करायची परवानगी आहे, तरी पत्रच लिहिते. फोनवर मी हे बोलू शकणार नाही. आणि तू इथे आलास त्या पहिल्या दुपारी तू मान खाली घालून बसला होतास, तुला दादाचा चेहरा दिसला नाही. मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसत होता.

तू आत आलास, बूट काढलेस, त्याच्यापुढे उभा राहिलास आणि म्हणालास, ‘‘दादा, मी यायर.’’ किती साधं बोललास. मी विमानतळापासून तुला समजावत आले होते की एकदम सांगू नकोस, पण तू कधी माझं ऐकलंयस? दादा हसला. तुझ्या टकलाकडे बघून हसला. म्हणाला, ‘‘चेष्टा करता काय राव. यायर एवढासा आहे,’’ आणि हात टेबलाच्या उंचीला धरून दाखवला. मग तुला वाईट वाटू नये म्हणून खुर्ची पुढे केली. ‘‘बसा. यायरकडे आलात का? येईलच तो.’’

तू बसलास. मला वाटलं होतं, तू पुन्हा सांगशील, पुरावे देशील, आईचं नाव काढशील. ते केलं नाहीस. ‘‘गाडी छान आहे,’’ एवढंच म्हणालास. त्याबद्दल मी तुझी जन्मभर ऋणी राहीन.

मग तो बोलायला लागला. अनोळखी माणसापाशी मनातलं बोलायची त्याला कधीच सवय नव्हती, तुला माहीत आहे. पण त्या दिवशी बोलला. ‘‘आमची गाडी थांबली आहे. धाकटा भाऊ यायचाय माझा. लांब गेलाय.’’ तू विचारलंस, ‘‘किती वेळ थांबणार?’’ तो म्हणाला, ‘‘आईच्या वेळी नाही थांबता आलं हो त्याच्यासाठी. आमच्यात ठेवत नाहीत. पण तेव्हापासून थांबलोच आहे.’’

मी तुला लिहिलं होतं की ते भांडण त्याच्या डोक्यातून पुसून गेलंय. माझं चुकलं. पुसलं नव्हतं. त्याने ते माझ्यापासून आणि तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं, आणि बाहेरच्या माणसाला सांगितलं. तू मान खाली घातलीस ती तेव्हा. त्याचा चेहरा कसा होता सांगू? हलका. ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस कमरेवर हात ठेवून उभा राहतो, तसा. आणि मग त्याने तुला विचारलं, ‘‘तुम्ही ओळखता का त्याला?’’ तू म्हणालास, ‘‘थोडासा.’’ ‘‘येईल ना?’’ ‘‘येईल.’’ त्यावर दादाने तुझ्या गुडघ्यावर थाप मारली.

पुढे तू होतास तितके दिवस रोज दुपारी तुम्ही दोघं त्या उभ्या गाडीपाशी बसलात. गाडी काही सुटली नाही. दादाने सोडू दिली नाही, आणि मला वाटतं, तूही मनापासून आग्रह केला नाहीस. तू त्याला विचारायचास, हा डबा कुठून आला असेल, आणि तो सांगायचा, हा दिव्याहून, यात गवत. हा रोह्याहून, यात मीठ. खरं किती नि खोटं किती, देवाला ठाऊक. एका दुपारी मी चहा घेऊन आले तर तुम्हा दोघांच्याही हनुवट्या फळीवर होत्या. चहा तिथेच ठेवून मी परत गेले. तू आल्याबद्दल आपण मलिदा केला त्या दिवशीही त्याने पहिली वाटी तुलाच दिली, पाहुणा म्हणून. मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पोहे, गूळ, खोबरं सगळं मी कालवलेलं आणि वाटी पाहुण्याला.

तू विमानतळावर म्हणालास, ‘‘ताई, मी उशिरा आलो. त्याने मला ओळखलं नाही.’’ मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. सगळा खटाटोप कशासाठी केला, पत्रं कशासाठी लिहिली, असं घरी परत येताना वाटत होतं. रिक्षात मी अगदी रिकामी होऊन बसले होते.

पण काल काय झालं ते ऐक. दुपारी दादा दाराकडे बघत होता. मी घाबरले, वाटलं, पुन्हा डबा शोधायला निघतो की काय. तर म्हणाला, ‘‘ते गृहस्थ आले नाहीत आज.’’

मी म्हटलं, ‘‘कोण? यायर?’’

‘‘यायर नाही गं. यायर यायचा तेव्हा येईल. ते गृहस्थ. शेजारी बसायचे ते.’’ मग म्हणाला, ‘‘ते असले की वाट बघायला बरं वाटतं.’’

आज सकाळी पुन्हा विचारलं. आत्ता मी हे लिहितेय तर त्याने त्याच्या शेजारची खुर्ची पुसून ठेवली आहे.

तेव्हा यायर, तुला यायला जमलं नाही तरी हरकत नाही. पण त्या गृहस्थांना पाठवून दे.

रेबेकाताई